सत्काराआधी व्हिसा

परदेशातल्या शाळेत नोकरी लागली म्हणून कुणी माझ्याकडे कागद वाचून घ्यायला आलं, की मी पहिला प्रश्न पगाराचा विचारत नाही आणि शाळेचाही नाही. मी विचारते, "सत्कार झाला का?"

माणसं हसतात. एखाद्याला वाटतं, ही कुचकेपणानं विचारतेय. सत्कार झालेला नसेल तर मी लगेच कागद हातात घेते. झालेला असेल तर आधी चहा ठेवते, कारण मग बोलणं लांबणार असतं.

मी दौंडला राहते आणि कुरकुंभच्या बाजूला एका खासगी शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील कारखान्यांमध्ये पाळीवर असतात. पालकसभेला अर्धे बाप झोपेतून उठून आलेले असतात आणि अर्धे झोपायला निघालेले. रविवारी सकाळी माझ्या खोलीवर शिरूर-दौंडकडचे शिक्षक येतात. मी एजंट नाही, दारावर पाटी नाही. कुणीतरी कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला, असं होत गेलं. अनोळखी माणसाशी बोलणं मला लहानपणापासून जड जातं. पण कागद वाचताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ते माझ्याकडे बघतात, मी कागदाकडे. हे मला बरं पडतं.

मागे वडगाव रासाईचे एक गणिताचे सर आले होते. आखातातल्या एका शाळेत निवड झालेली, व्हिसाही हातात आलेला. मी तो मोबाईलवर मोठा करून वाचला. व्यवसायाच्या जागी 'स्टोअरकीपर' लिहिलेलं होतं.

"ते नुसतं नावाला हाय म्हणतेत, मॅडम," सर म्हणाले. "शिकवायचं गणितच."

"आणि सरकारी तपासणी वर्गात आली तर काय सांगाल?"

सरांनी क्षणभर विचार केला. "खडू मोजतोय म्हणायचं."

आम्ही दोघंही हसलो. मग मी विचारलं, सत्कार झाला का. ते म्हणाले, अजून नाही, पण मेव्हण्यानं हार सांगून ठेवलाय. मी म्हटलं, हार थांबवा. सर गोंधळले. व्हिसा थांबवायचा की हार, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, हार थांबला की व्हिसा थांबवता येतो, उलटं होत नाही. हे मला कुठून कळलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. ते इथे सांगते.

मी न्हावऱ्याची. वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणतं, म्हणून मीही आप्पाच म्हणते. घरी ऊस, कांदा आणि गाई. आप्पांनी मला शिरूरच्या इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा पिवळी व्हॅन फक्त माझ्यासाठी वस्तीपर्यंत यायची. गावाला वाटायचं, ही पोरगी इंग्रजी शिकते म्हणून बोलत नाही. शाळेतल्या मुली माझ्या 'हाय' आणि 'न्हाई'ला हसायच्या, म्हणून तिथेही मी बोलायची नाही. दोन्हीकडे गप्प राहण्याची सवय लागली ती लागलीच. गंमत म्हणजे वर्गात मुलांसमोर उभी राहिले की ती सवय आपोआप सुटते. वीस-पंचवीस मुलं समोर असली की मी दुसरीच बाई असते.

बी.एड. झाल्यावर शिरूरच्याच एका शाळेत शिकवत होते. मग पुण्याच्या एका कन्सल्टन्सीमार्फत आखातातल्या खासगी शाळेची मुलाखत ठरली. मुलाखत व्हिडिओवर. नमुन्याचा पाठ घ्यायचा होता आणि पडद्यावर दोन मोठी माणसं तिसरीतली मुलं होऊन बसली होती. त्यातल्या टाय लावलेल्या गृहस्थांनी मध्येच हात वर करून वॉशरूमला जाऊ का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी ही ओळ वाचून दाखव, मग जा. त्यांनी वाचून दाखवली. माझी निवड झाली.

घरी जेवताना सांगितलं. आप्पा हात धुऊन गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. तोवर काकांचा फोन सुरू झाला होता. काका म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. गावच्या दूध संस्थेत, निवडणुकीत, कुठल्याही मांडवात पुढे. "आमची पुतणी फॉरेनच्या पोरांना इंग्रजी शिकवणार," असं ते फोनवर प्रत्येकाला सांगत होते. त्याच आठवड्यात सत्कार ठरला.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आमच्याकडे सत्कार गोष्ट घडल्यावर होत नाही, बातमी आल्यावर होतो. पूर्वपरीक्षा पास झाली की शाल, मुख्य परीक्षा कधी का होईना. रुजू होईपर्यंत कुणी थांबत नाही, कारण तोवर दुसऱ्या गटानं शाल घातलेली असते.

न्हावऱ्याच्या एसटी स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला. बी.एड.च्या प्रवेशाला काढलेला फोटो ताणून एवढा मोठा केला होता की डोळे वाटीएवढे दिसत होते. कानाजवळून एक विमान उडत होतं. 'न्हावरे गावची शान' मराठीत, आणि शाळेचं पूर्ण नाव आणि 'टीचर' हा शब्द इंग्रजीत, चांगले ठळक. खाली काका आणि त्यांची मित्रमंडळी, सगळ्यांना काळे चष्मे. दूध संस्थेच्या आवारात कार्यक्रम झाला. कुणीतरी म्हणालं, ताईंनी इंग्रजीत बोलावं. मी चार वाक्यं बोलले. ती फारशी कुणाला कळली नाहीत, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे थांबल्यावरही आप्पा वाजवत होते. टोपी काखेत धरली होती, म्हणून टाळी नीट वाजत नव्हती.

व्हिसा दुसऱ्या दिवशी आला. व्हॉट्सअॅपवर. त्यावर 'व्हिजिट' लिहिलं होतं.

हा भाग जरा नीट सांगते, कारण लोक इथेच फसतात. पाहुणा म्हणून जायचा व्हिसा वेगळा आणि कामाचा वेगळा. पाहुण्यानं त्या देशात राहावं, फिरावं, परत यावं. त्यानं काम केलं तर तो गुन्हा होतो, आणि तो गुन्हा शाळेइतकाच शिक्षकाच्याही अंगावर येतो. कामाचा व्हिसा शाळेनं आधी तिथल्या सरकारची परवानगी घेऊन काढायचा असतो. तो तुम्ही विमानात बसण्याआधी तुमच्या नावावर येतो आणि त्यावर शिक्षक असंच लिहिलेलं असतं. त्याआधी डिग्रीवर आपल्या राज्याचा शिक्का लागतो, मग दिल्लीचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. याला वेळ लागतो. शाळेला शिक्षक मात्र लगेच हवा असतो, कारण वर्ग रिकामा असतो. मग मधला माणूस सांगतो, आत्ता पाहुणे म्हणून जा, तिथे गेल्यावर बदलून मिळेल. काहींना मिळतोही. म्हणूनच हे चालतं.

माझ्या डिग्रीवर एकही शिक्का नव्हता. मी कन्सल्टन्सीत फोन केला. तिकडचे सर म्हणाले, सगळे असेच जातात. मग मी काकांना व्हिसा दाखवला, कारण सरकारी कागद घरात तेच बघतात. म्हटलं, हा पाहुण्यांचा आहे, ह्यावर शिकवता येत नाही.

काकांनी मोबाईल लांब धरून पाहिला. "व्हिसा हाय ना? मग झालं."

"पण कामाचा नाही, काका."

"अगं, स्टँडवर तुझा एवढा मोठा फ्लेक्स लागलाय. आता काय त्यावर कागद चिकटवायचा, थोडं थांबा म्हणून?"

त्यांच्यामागे आप्पा दुधाच्या टँकरवाल्याला स्टँडकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. तो हसून मान हलवत होता. मी मोबाईल परत घेतला.

जाताना कन्सल्टन्सीच्या सूचना होत्या. विचारलं तर मावसबहिणीकडे चालले म्हणायचं. सर्टिफिकेटं हातातल्या बॅगेत ठेवायची नाहीत, सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत ठेवायची. मला मावसबहीण नाही. आईला बहीणच नव्हती, आणि आईही मी कॉलेजात असताना गेली. विमानतळावर मी त्या नसलेल्या बहिणीला मनातल्या मनात नाव दिलं, तिला दोन मुलंही दिली. कुणी काही विचारलं नाही.

तिथली शाळा चांगली होती, हे मला मान्य करायला हवं. गार वर्ग, भरपूर पुस्तकं, दहा देशांची मुलं. अरबी बोलणारी एक मुलगी, मलयाळी मुलगी आणि लाहोरची मुलगी एका बाकावर बसून एकमेकींची चित्रं रंगवायच्या. मी तिथे मन लावून शिकवलं. पण माझ्या वर्गाच्या दारावर माझ्याआधीच्या शिक्षिकेच्या नावाची पट्टी होती आणि ती बदलली नाही. शाळेच्या दप्तरात मी नव्हतेच, तर पट्टी कुणाची लावणार? पालक मला त्या नावानं हाक मारायचे. पहिल्यांदा मी सांगायला गेले. मग ओ देऊ लागले. माझा पासपोर्ट शाळेच्या ऑफिसनं सांभाळायला म्हणून ठेवून घेतला होता. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला फिरायला जावंसं वाटायचं, पण कुणी ओळखपत्र मागितलं तर, म्हणून मी खोलीत बसून राहायचे.

खोलीत माझ्याबरोबर शबाना होती. विज्ञान शिकवायची, दौंडची, माझ्याहून थोडी मोठी. तिचा व्हिसा कामाचा होता. वडील रेल्वेत होते, त्यामुळे सही-शिक्क्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असं घरातलं वळण. पहिल्या दिवशी तिनं माझा व्हिसा बघितला आणि कपाळाला हात लावला. "शिरूरवाल्यांना एवढी घाई कसली गं असते?" म्हणाली. मी म्हटलं, फ्लेक्स लागला होता. ती हसत सुटली, आणि माझं तोंड बघून थांबली.

तपासणी येणार असली की शाळेला आधी कुणकुण लागायची. मग मदतनीस बाई वर्गाच्या दारात येऊन म्हणायची, मिसना लायब्ररीत बोलावलंय. लायब्ररीत जायचं नसायचं. मागच्या दारानं शाळेच्या बसमध्ये जाऊन बसायचं. आम्ही सगळ्या 'पाहुण्या' शिक्षिका त्या छोट्या सीटांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. पडदे ओढलेले. पेशावरचे एक म्हातारे चाचा बस गावातून गोल गोल फिरवत राहायचे. ते खजुराचं खोकं मागे द्यायचे आणि म्हणायचे, खाओ बेटी, आज पिकनिक है. कुणी वह्या तपासायचं. मी पडद्याच्या फटीतून त्याच मशिदीचा घुमट पुन्हा पुन्हा येताना बघायचे. फोन आला की बस परत.

अशाच एका फेरीनंतर मी वर्गात आले, तर फळ्यावर माझं अर्धं लिहिलेलं वाक्य तसंच होतं. लाहोरच्या मुलीनं हात वर केला. "मिस," ती म्हणाली, "इन्स्पेक्टरनं विचारलं तुमची मिस कुठे आहे, तर दुसऱ्या मिस म्हणाल्या ह्या वर्गाला मिसच नाही. तुम्ही खऱ्या टीचर आहात ना?"

मी तिला पुढची ओळ वाचायला सांगितली.

व्हिसा बदलून मिळाला नाही. मुदत संपत आली, तेव्हा ऑफिसनं पासपोर्ट हातात दिला आणि सांगितलं, शेजारच्या देशात जाऊन नवा व्हिजिट व्हिसा घेऊन या. याला तिथे कुणी काही विशेष समजत नाही. सकाळच्या विमानानं जायचं, संध्याकाळच्या विमानानं यायचं. येताना काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, इतक्या लगेच परत का? मी मावसबहिणीचं नाव सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, तिच्याशी बोलणं होतं ना, मेसेज दाखवा.

मी व्हॉट्सअॅप उघडलं. सगळ्यात वर आमच्या घरचा ग्रुप होता. काकांनी त्याला माझ्या फ्लेक्सचा फोटो लावला होता. मी तो रोज बघत होते, इतका की दिसायचा बंद झाला होता. अधिकाऱ्यानं त्यावर बोट ठेवून तो मोठा केला. मराठी त्याला येत नव्हतं. पण शाळेचं नाव इंग्रजीत होतं, 'टीचर' इंग्रजीत होतं, आणि मी त्याच्या समोर उभी होते. विमानही होतं. त्यानं काळ्या चष्म्यांच्या रांगेकडेही बघितलं आणि विचारलं, हे कोण? मी म्हटलं, नातेवाईक.

तो अजिबात ओरडला नाही. माझा प्रवेश नाकारला. मला आल्या वाटेनं परत पाठवलं, तिथून मुंबईला. दंड नाही, कोठडी नाही. शबाना नंतर म्हणाली, हे नशीब समज, तू आत असताना पकडली असतीस तर वेगळी गोष्ट होती. माझी सुटकेस, साड्यांच्या घडीतली सर्टिफिकेटं, मुलांच्या वह्या, सगळं तिथेच राहिलं. सुटकेस तिनं पुढे कुणाबरोबर तरी पाठवली. वह्यांचं काय झालं, माहीत नाही. मुलांना काय सांगितलं असेल, हेही नाही.

मुंबईहून पुणे, पुण्याहून शिरूर. शिरूरला न्हावऱ्यावरून पुढे चौफुल्याकडे जाणाऱ्या एसटीत बसले आणि न्हावऱ्याचं तिकीट काढलं. तोंडाला स्कार्फ होता, इकडे सगळ्याच मुली बांधतात. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. आप्पांना काय सांगायचं, काकांना काय. एसटी न्हावऱ्याच्या स्टँडवर थांबली, ती बरोबर फ्लेक्ससमोर. खिडकीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, माझाच चेहरा होता. वाटीएवढे डोळे. रंग जरा उतरला होता, पण हसत होते मी.

बायका उतरल्या, दुधाची रिकामी किटली उतरली. कंडक्टरनं मागे बघून हाक दिली, "न्हावरं कोण हाय? ताई, तुमचं न्हावरंच ना?"

मी म्हटलं, "नाही. चौफुला."

"तिकीट तर न्हावऱ्याचं काढलंय."

"पुढचं द्या."

त्यानं फ्लेक्सकडे बघितलं नाही, माझ्याकडेही फार बघितलं नाही. तिकीट दिलं आणि बेल मारली. चौफुल्याला उतरून मी शबानाला फोन लावला. ती म्हणाली, दौंडला जा, अम्मीकडे.

शबानाच्या अम्मींनी मला एकही प्रश्न विचारला नाही. माडीवरची खोली उघडून दिली, खिडकीतून रेल्वेचा रूळ दिसायचा. "राहा गं," म्हणाल्या, "पोरगी गेल्यापासून खोली रिकामीच हाय. पण घरी कळव." मी हो म्हटलं. कळवलं नाही.

रोजचा व्हिडिओ कॉल चुकवला असता तर आप्पा घाबरले असते, म्हणून मी तो सुरू ठेवला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. आता शाळा सुटली, आता जेवले, असं मी वजाबाकी करून बोलायचे. पाठीमागे खिडकीवर खिळ्यांना पांढरी चादर टांगली होती. घरापासून दोन एसटींच्या अंतरावर बसून मी परदेशातली हवा सांगायचे. आप्पा एकदा म्हणाले, "तुमच्याकडं एसी न्हाई व्हय गं? घामाघूम झालीस." मी म्हटलं, बिघडलाय. जूनमध्ये कुरकुंभच्या बाजूची ही नोकरी मिळाली. दारावर माझ्या नावाची पट्टी लावली, त्या दिवशी तिचा फोटो काढला. पाठवायला कुणीच नव्हतं, म्हणून शबानाला पाठवला.

त्या महिन्यांत मी दौंडच्या बाजारातही स्कार्फ काढला नाही. न्हावऱ्याचं कुणी भेटेल म्हणून पलीकडच्या गल्लीतून जायचे. वर्गात बोलायचे, अम्मींशी चार शब्द बोलायचे, बाकी आवाज गाड्यांचा. कॉलच्या वेळी गाडी आली की मी माइक बंद करायचे. एका दिवशी उशीर झाला. स्टेशनवरच्या कर्ण्यातून बाईचा आवाज स्पष्ट आला आणि त्यात 'दौंड' हा शब्द दोन वेळा आला. मी घाईनं माइक बंद केला. पुन्हा सुरू केला तेव्हा आप्पा तसेच बघत होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं." त्यांनी फोन ठेवला.

पुढे काही दिवस तेच बोलणं. गाई, पाऊस, कांद्याचा भाव. मग एका संध्याकाळी ते मध्येच म्हणाले, "फ्लेक्स काढला मी."

"का?"

"कांद्याच्या चाळीत एका अंगानं पाणी येत हुतं. कांदा भिजाय लागला. म्हणलं, जाड कापड हाय, कामाला येईल."

"काका काय म्हणाले?"

"त्यो बोलंना माझ्याशी. बोलंल कांदा गेल्यावर."

फोन त्यांनी नेहमीसारखा वाकडा धरला होता, अर्धं कपाळ आणि गोठ्याचा पत्रा दिसत होता. "आता स्टँडवर काय न्हाई," ते म्हणाले. "उतरलीस तरी चालंल. चौफुल्याला गाडी बदलावी लागंल तेवढी."

मुंबईहून येणारा माणूस शिरूरवरून न्हावऱ्याला येतो. चौफुल्याला गाडी बदलतो तो फक्त दौंडकडून येणारा. मी पाठीमागची चादर काढली आणि मग लक्षात आलं, की कॉल अजून चालू आहे. आप्पांनी खिडकी बघितली असणार. त्यांनी फोन बंद केला.

मी रविवारी गेले. न्हावऱ्याच्या स्टँडवर नुसते बांबू होते. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. इतके महिने ज्या उतरण्याला घाबरले, ते होऊन गेलं तरी काहीच घडलं नाही, आणि याचंही जरा वाईट वाटलं.

काकांनी नंतर बोलणं सुरू केलं, पण अजून ते माझ्या नोकरीचा विषय काढत नाहीत. गावाला मी परत का आले याची तीन-चार कारणं माहीत आहेत, त्यातलं एकही खरं नाही. मी दुरुस्त करत बसत नाही. आणि मी दौंडलाच राहते. वर्ग तिथे आहे, आणि रविवारी माणसं येतात. वडगाव रासाईच्या सरांनी हार थांबवला. पुढे त्यांना शिक्षक लिहिलेला व्हिसा मिळाला, डिग्रीवर सगळे शिक्के घेऊन ते गेले. विमानतळावरून त्यांनी मला मेसेज केला, 'खडू मोजायची वेळ येणार नाही.' येणाऱ्यांना मी तेच सांगते. व्हिसावर शिक्षक लिहिलंय का ते बघा. एजंट सरकारदरबारी नोंदलेला आहे का ते तपासा. पासपोर्ट कुणाकडेही सांभाळायला देऊ नका. आणि गावाला सगळ्यात शेवटी सांगा. आधीचं सगळं लोक मान हलवून ऐकतात. शेवटच्याला म्हणतात, ते जरा अवघड आहे.

मी न्हावऱ्याला गेले त्या रविवारी आप्पा घरी नव्हते, कांद्याच्या चाळीत होते. मी आत गेले. पावसाच्या बाजूला फ्लेक्स ताणून बांधला होता. बाहेरून नुसता पांढरा दिसत होता, छापलेली बाजू आत होती. अंधारात, कांद्याच्या ढिगावर, माझे ते मोठे डोळे आणि विमान.

"उलटा का बांधला?" मी विचारलं.

"उन्हानं रंग जातो," आप्पा म्हणाले.

मी शेजारी बसले आणि कांदा निवडायला लागले. कोंब आलेला एकीकडे, सडका एकीकडे. व्हिसाचं त्यांनी काही विचारलं नाही. दौंडचंही नाही. मग खाली बघतच म्हणाले, "शिकवत तर हुतीस ना पण? खरंच?"

"हो, आप्पा."

"पोरं वाचाय लागली?"

मला लाहोरच्या मुलीची ती ओळ आठवली. न अडखळता वाचली होती तिनं. "लागली," मी म्हटलं.

"मग झालं," आप्पा म्हणाले, आणि हातातला कांदा चांगल्यात टाकला.